फासा, पट आणि मैदान

मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गात डोकावले, तर मागच्या बाकावर पाच-सहा मुले इतिहासाच्या पुस्तकाभोवती डोकी घालून बसलेली. इतिहासाची इतकी ओढ पाहून क्षणभर मला बरे वाटले. तेवढ्यात एकाने पुस्तक बंद केले, डोळे मिटून पुन्हा उघडले आणि ओरडला, "छक्का!" मग उलगडा झाला. हे बुक क्रिकेट चालले होते. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ते खेळलेले असेल. पुस्तक कुठेही उघडायचे आणि डाव्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. दोन, चार, सहा आला तर तेवढ्या धावा, आठ आला तर एक, शून्य आले तर बाद.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळेला मैदान नाही. गल्लीतली दुमजली इमारत, खाली शिक्षकांच्या स्कूटी आणि पाण्याची टाकी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, शाळेला काय काय असावे त्या यादीत खेळाचे मैदानही आहे. पण कायद्यातले मैदान आणि गल्लीतली जागा यांचा मेळ अजून बसलेला नाही. म्हणून आमची मुले क्रिकेट पुस्तकात खेळतात.

मी मुलांना विचारले, "या खेळात सचिन तेंडुलकर आणि चंद्रशेखर यांच्यात फरक काय?" चंद्रशेखर त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले, हे आपले मोठे फिरकी गोलंदाज. 58 कसोटींत 242 बळी घेतले आणि धावा केल्या फक्त 167. म्हणजे धावांपेक्षा बळीच जास्त. तुमच्या पुस्तकात मात्र चंद्रशेखरही सहज शतक ठोकतील. ज्याच्या हातात पुस्तक होते तो मुलगा हसून म्हणाला, "मिस, सब नसीब का खेल है."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, कारण तो मुलगा आठवीनंतर शाळा सोडणार होता. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा वयाच्या चौदा वर्षांपर्यंतचा, आणि चौदा वर्षांच्या मुलासाठी मामूच्या गॅरेजची जागा तयार होती. शाळेबद्दल विचारले की तो हेच वाक्य म्हणत असे. मग मला प्रश्न पडला. माणसाने मैदानावरची झुंज जेव्हा जेव्हा पटावर आणली, तेव्हा त्याने नशिबाला किती जागा दिली आणि अकलेला किती? या प्रश्नाचा मागोवा घेताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

रणांगण पटावर येते

पटावर आलेली सर्वांत गाजलेली झुंज म्हणजे बुद्धिबळ. त्याचे जुने नाव चतुरंग. हत्ती, रथ, घोडदळ आणि पायदळ ही प्राचीन भारतीय सैन्याची चार अंगे. मात्र आठ गुणिले आठ घरांचा पट या खेळापेक्षा जुना आहे. त्याला अष्टापद म्हणत आणि त्यावर फासे टाकून सोंगट्या पळवण्याचे खेळ चालत. म्हणजे पट आधी शर्यतीचा होता, युद्ध त्यावर नंतर आले. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त अष्टापद आणि चतुरंग यांचा एकत्र उल्लेख केला आहे.

युद्ध पटावर आणताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे कोणीतरी ठरवले असणार. धूळ, रक्त, भूक, पाऊस हे सारे सोडले. ठेवला तो प्रत्येक दलाचा स्वभाव. प्यादे एकेक पाऊल पुढे जाते, मागे फिरत नाही. घोडा अडथळ्यावरून उडी मारतो. राजा पडला की लढाई संपते. खेळ बनवणाऱ्याची कसोटी इथेच लागते. मैदानावरचे सगळे पटावर मावत नाही. जे मावते त्यातून मूळ झुंजीचा प्राण दिसला पाहिजे.

फासा मात्र लगेच सुटला नाही. अल-बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्तानाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. त्यात फासे टाकत आणि पडलेल्या आकड्यावरून कोणता मोहरा हलवायचा ते ठरे. म्हणजे सेनापती माणूस, पण त्याला हुकूम देणारा फासा.

इराणच्या जुन्या पहलवी भाषेतील एका कथेत खुसरो अनुशिरवानच्या दरबारी हिंदुस्तानातून शतरंज येते. हा अनुशिरवान म्हणजे 531 ते 579 या काळात राज्य केलेला सासानी बादशहा. त्याचा वजीर बुजुर्गमेहर खेळाचे कोडे सोडवतो आणि उत्तरादाखल नर्द नावाचा फाशांचा खेळ तयार करून हिंदुस्तानात पाठवतो. फिर्दौसीनेही ही कथा 'शाहनाम्या'त सांगितली आहे. पहलवी कथेत नर्दच्या तीस सोंगट्यांना महिन्याच्या तीस दिवस-रात्रींची उपमा आहे आणि फाशाला फिरत्या आकाशाची. कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. तिने दोन खेळ समोरासमोर उभे केले. एकात माणूस स्वतः चाल ठरवतो, दुसऱ्यात आकाश ठरवते.

बगदादचे उस्ताद

अरबांकडे आलेल्या शतरंजला फासा नव्हता. नावेही इराणमार्गे आली. शाह, फर्जीन, फील, रुख. आपल्या मराठीत 'शह' आणि 'मात' हे शब्द त्याच वाटेने आले. आज राजकारणाच्या बातम्यांत 'शह-काटशह' लिहिणाऱ्या बातमीदाराच्या लेखणीत बगदादचा पट दडलेला असतो.

अब्बासी खलिफांच्या काळात या खेळाचे शास्त्र झाले. नवव्या शतकात अल-अदलीने शतरंजवर ग्रंथ लिहिला. पुढे खलिफा मुतवक्किलच्या समोर अर-राझीने त्याला हरवले. त्यानंतर दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अबू बक्र अस-सूलीचे नाव गाजले. सूली साहित्यिक आणि इतिहासकारही होता. खलिफा मुक्तफीच्या दरबारात त्याने तिथल्या नावाजलेल्या खेळाडूला मात दिली. त्याने मांडलेला एक डाव इतका अवघड होता, की त्याची उकल व्हायला हजारएक वर्षे लागली. विसाव्या शतकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवेरबाख यांनी तो सोडवला.

या उस्तादांचा एक शब्द मला फार बोलका वाटतो. डावाच्या सुरुवातीला मोहऱ्यांची जी रचना करत तिला ते 'ताबिया' म्हणत. हा शब्द फौजेचा. लढाईपूर्वी सैन्य उभे करण्याच्या रचनेचा. खेळ महालात चालला होता, पण भाषा रणांगणाचीच राहिली होती.

याच काळात नशीब आणि इच्छास्वातंत्र्य, जब्र आणि इख्तियार, यांवर मोठमोठे वाद झडत होते. दहाव्या शतकातील इतिहासकार अल-मसूदीने आपल्या 'मुरूज अज-जहब' या ग्रंथात हा वाद खेळांशी जोडलेला दिसतो. नर्द म्हणजे माणूस तकदीरपुढे लाचार आहे असे मानणाऱ्यांचा खेळ. शतरंज म्हणजे माणसाला निवड आहे आणि त्या निवडीची जबाबदारीही त्याची आहे असे मानणाऱ्यांचा. आठवीतला माझा विद्यार्थी जे बोलला, त्यावर हजार वर्षांपूर्वीच्या बगदादमध्ये गंभीरपणे विचार झालेला होता.

फिकहच्या अंगानेही दोन्ही खेळांत फरक झाला. नर्दच्या फाशाबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत, त्यामुळे बहुतेक उलेमांनी तो नाकारला. शतरंजबाबत मतभेद राहिले. इमाम शाफईंच्या मजहबमध्ये, पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर त्याला हराम न म्हणता मकरूह मानले गेले. हनफी आणि इतर मजहबांची भूमिका अधिक कडक. आपल्याकडे कोकणातला मुसलमान शाफई आणि घाटावरचा बहुतांशी हनफी. एकाच राज्यात पटाकडे पाहण्याच्या दोन नजरा आल्या त्या अशा. मी काही आलिमा नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. इतिहास म्हणून एवढेच नोंदवते, की खेळात फासा असावा की नसावा हा प्रश्न आपल्या पूर्वजांना क्षुल्लक वाटला नव्हता.

तीन शहाण्यांची गोष्ट

स्पेनच्या कॅस्टिल राज्यात अल्फोन्सो दहावा नावाचा राजा होऊन गेला. अरबी ग्रंथांचे भाषांतर करवून घेणारा हा राजा. त्याच्यासाठी 1283 मध्ये सेव्हिल शहरात खेळांचा एक सचित्र ग्रंथ पूर्ण झाला. त्यात बुद्धिबळाचे कितीतरी डाव अरबी परंपरेतून आलेले आहेत. चित्रांत मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी एकमेकांसमोर पट मांडून बसलेले दिसतात.

ग्रंथाच्या आरंभी हिंदुस्तानच्या एका राजाची गोष्ट आहे. त्याच्या पदरी तीन शहाणे होते. पहिला म्हणाला, अक्कल श्रेष्ठ. दुसरा म्हणाला, नशीब श्रेष्ठ. तिसरा म्हणाला, दोन्ही मिळून श्रेष्ठ. नशीब जे देईल त्यातून अकलेने मार्ग काढावा. राजाने पुरावा मागितला. पहिल्याने शतरंज आणली, दुसऱ्याने फासे आणले आणि तिसऱ्याने फासे व सोंगट्या दोन्ही असलेला पट आणला.

ही गोष्ट वाचली आणि माझ्या वर्गाचे चित्र स्वच्छ झाले. बुक क्रिकेट हा दुसऱ्या शहाण्याचा खेळ. आम्हाला हवा होता तिसऱ्याचा.

फासा परत येतो, पण हिशेब घेऊन

पुढे युरोपात युद्धाचा पट बदलला. प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी 'क्रीगश्पील' नावाचा युद्धखेळ तयार केला. मुलाने 1824 मध्ये तो नकाशावर आणला. चौसष्ट घरे गेली, टेकड्या आणि नद्या आल्या. एक पंच नेमला गेला. शत्रूचे जे सैन्य दिसत नाही, ते तो पटावर मांडतच नसे. आणि फासा परत आला. एका तोफेच्या माऱ्याने किती माणसे पडतील हे सेनापतीला आधी कळत नाही. पण तो फासा आंधळा नव्हता. गोळीबाराच्या चाचण्यांची जी माहिती उपलब्ध होती, तिच्यावरून कोष्टके तयार केली होती आणि फासा त्या कोष्टकातला आकडा दाखवत असे.

मैदानी खेळ पटावर आणणाऱ्यांनी हाच मार्ग धरला. अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट, आणि नोंदी ठेवण्याची हौस दोन्हीकडे सारखीच. एथन ॲलन हा माजी खेळाडू. 1941 मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या खेळात प्रत्येक खेळाडूची एक गोल चकती असे आणि तिच्यावर काटा फिरवत. जो जास्त मोठे फटके मारतो, त्याच्या चकतीवर मोठ्या फटक्यांचा भाग रुंद. 1951 मध्ये रिचर्ड साइट्झने 'ॲपबा' हा पत्ते आणि फाशांचा खेळ विकायला काढला.

1961 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅल रिचमनने 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आणला. त्यात तीन फासे आहेत. पहिल्यावर एक ते तीन पडले तर फलंदाजाचा पत्ता पाहायचा, चार ते सहा पडले तर गोलंदाजाचा. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवरून निकाल वाचायचा. यामागचे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही समजते. दोन फाशांची बेरीज दोन येण्याचा मार्ग 36 पैकी एकच, सात येण्याचे मात्र सहा. कोणता निकाल कोणत्या बेरजेपुढे लिहायचा, हे ठरले की खेळाडूचा स्वभाव कागदावर उतरतो. कोणता गोलंदाज आणायचा, फलंदाज कधी बदलायचा, हे मात्र खेळणाऱ्याने ठरवायचे. हा तिसऱ्या शहाण्याचा पट.

आमच्या वर्गातले पत्ते

गणिताच्या तासाला आम्ही क्रिकेटचे पत्ते करायला बसलो. एका पुठ्ठ्यावर सहा गुणिले सहा, म्हणजे 36 घरे. दोन रंगांचे दोन फासे. एकाने ओळ ठरते, दुसऱ्याने रकाना. फलंदाजाची सरासरी म्हणजे केलेल्या धावा भागिले किती वेळा बाद झाला ती संख्या. मग पत्त्यावरच्या सगळ्या धावांची बेरीज भागिले 'बाद'ची घरे, हा भागाकार खऱ्या सरासरीइतका आला की झाले.

तेंडुलकरांची कसोटीतील सरासरी 53.78. त्यांच्या पत्त्यावर 'बाद'चे घर एकच, आणि उरलेल्या 35 घरांत मिळून 54 धावा. चंद्रशेखर यांची सरासरी चारच्या आसपास. त्यांच्या पत्त्यावर 'बाद'ची नऊ घरे आणि धावा 36. मुलांना सर्वांत प्रिय पत्ता श्रीरामपूरच्या झहीर खानचा. त्याची सरासरी बाराच्या आतबाहेर, म्हणून तीन घरे 'बाद'ची आणि धावा 36. मी त्यांना डिसेंबर 2004 ची ढाक्याची कसोटी सांगितली. अकराव्या क्रमांकावर आलेल्या झहीरने 75 धावा केल्या आणि तेंडुलकरांबरोबर शेवटच्या गड्यासाठी 133 धावांची भागीदारी केली. मुलांनी विचारले, आपल्या पत्त्यावर हे घडेल का? घडेल. क्वचित घडेल, पण घडू शकेल. खऱ्या मैदानावरही ते क्वचितच घडले होते.

एवढ्याने नशिबाला शिस्त लागली, पण अकलेला काम मिळाले नव्हते. वर्गातली एक अबोल मुलगी म्हणाली, "मिस, हर खिलाडी के दो पत्ते बनाते हैं. एक सब्र का, एक हमले का." हल्ल्याच्या पत्त्यावर झहीरच्या 'बाद'ची घरे सहा आणि धावा 72. सरासरी तीच बारा, वेग दुप्पट, धोकाही दुप्पट. प्रत्येक चेंडूला कोणता पत्ता उचलायचा हे कप्तानाने सांगायचे. बारा चेंडू आणि वीस धावा उरल्या असतील तर सब्र कामाचा नाही. दिवस काढायचा असेल तर हल्ला वेडेपणाचा. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा चालीवरून भांडण झाले. मला ते भांडण फार गोड वाटले.

मग एका मुलाचे दादाजान शाळेत आले. "मोहतरमा, पांसे?" एवढेच त्यांनी विचारले. बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. त्यांचा मान राखणे मला आवश्यक वाटले. मुलांनीच तोड काढली. मुले गल्लीत बोटांचे क्रिकेट खेळतात, त्यावरून सुचले. दोन्ही कप्तानांनी एकाच वेळी एक ते सहा बोटे दाखवायची. एकाच्या बोटांनी ओळ ठरेल, दुसऱ्याच्या बोटांनी रकाना. पण कप्तानाला 'बाद'चे घर ठाऊक असेल तर तो ती ओळ टाळेल. म्हणून पत्ता पंचाच्या हातात राहील आणि पंच ओळींचे व रकान्यांचे क्रमांक प्रत्येक षटकाला बदलेल. मुलांना क्रीगश्पीलचे नावही माहीत नव्हते, पण दोनशे वर्षांपूर्वीचा तो पंच आमच्या वर्गात येऊन बसला. ती अबोल मुलगी पंच झाली. तिच्या निकालावर वाद घालायची कोणाची हिंमत होत नाही. फासा गेला. अनिश्चितता राहिली, कारण ती मैदानावरही असते.

पटाची मर्यादा

पटाचे कौतुक करताना एक सावधगिरी हवी. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या कथेतले लखनौचे दोन रईस आपल्याला माहीत आहेत. 1856 मध्ये कंपनी सरकार वाजिद अली शाहचे अवध गिळत होते आणि हे दोघे पटावरच्या बादशहासाठी भांडत होते. सत्यजित राय यांनी 1977 मध्ये त्यावर चित्रपट केला. पट मैदान समजून घेण्यासाठी असतो, मैदान विसरण्यासाठी नव्हे. आमचे पत्ते कितीही सुबक झाले, तरी त्यांनी मुलांच्या फुप्फुसांत हवा भरत नाही. त्या अबोल मुलीला धावायला मिळत नाही. मैदानाचा अर्ज मी दरवर्षी करते, यंदाही केला आहे.

आता त्या पुस्तकवाल्या मुलाविषयी. वर्ष संपताना तो एक कोरा पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. 36 घरे नीट आखलेली, आत काहीच लिहिलेले नाही. म्हणाला, "मिस, ये मेरा पत्ता. इसमें आउट कितने लिखूँ?" मी त्याला विचारले, तेंडुलकरांचा पत्ता आपण कशावरून लिहिला? म्हणाला, "उन के रेकॉर्ड से." आणि रेकॉर्ड कधी झाला? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "खेलने के बाद."

मी त्याच्या वडिलांना भेटले. मामूंनाही भेटले. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि मी त्या हलक्या लेखत नाही. घरात कमावता हात एक आणि खाणारी तोंडे सात. हा फासा त्या मुलाने टाकलेला नाही. शेवटी एका वर्षाची मुदत मिळाली. सकाळी शाळा, दुपारनंतर गॅरेज. दहावीचे पुढे पाहू, असे वडील म्हणाले.

तो आता नववीत आहे. कोरा पत्ता माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर अजून कोणी काही लिहिलेले नाही, आणि इतक्यात कोणी लिहूही नये, असे मला वाटते.